आमच्या तालुक्याचे जावई : रामजी सुभेदार



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिकेचं काम बघणारी मंडळी पवईहून आमच्या शेतावर आली आणि कुणातरी थोर माणसाचं चरित्र लिहून द्या असं सांगून गेली. भात झोडायचे दिवस होते. आम्ही चौथी शिकलेले. कीर्तनाला दोन तास उभं राहायचं म्हटलं तर भीती वाटत नाही, पण कागद पुढे घेतला की हाताला नांगरापेक्षा पेन जड होतं. तरी लिहितो. चुकलंमाकलं वारकरी मायबापांनी पदरात घ्यावं.

संतांची चरित्रं या पुस्तकात जाणकारांनी लिहिलीच असतील. आम्ही एका संसारी माणसाचं निवडलं. त्यांनी मठ बांधला नाही, ग्रंथ लिहिला नाही, फड चालवला नाही. पलटणीत नोकरी केली, पेन्शन घेतलं आणि उरलेला जन्म लेकरं वाढवण्यात घालवला. त्यांचं नाव रामजी मालोजी सकपाळ, म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. लोक त्यांना सुभेदार म्हणत.

दिंडीच्या पुस्तकात सुभेदार कसे, असं कुणी विचारील. त्याची दोन कारणं. एक म्हणजे आपली दिंडी जरी पवईची असली तरी ती उभी केली मुरबाडकडच्या माणसांनी. खाणीत दगड फोडायला आणि मिळेल ती मजुरी करायला आमचे आजे-पणजे इकडे आले, पवईच्या तलावाकाठी झोपड्या घालून राहिले, आणि येताना पडशीत टाळ घेऊन आले. आता त्यांची नातवंडं इमारतीत राहतात. आम्ही गावाकडेच राहिलो, भात पिकवतो आणि एकादशीला पवईला येतो. तर सुभेदारांची बायको भीमाबाई ही मुरबाडची लेक. तिचे वडीलही पलटणीतले, सुभेदार मेजर, आडनाव मुरबाडकर. म्हणजे नात्याने रामजी सुभेदार आमच्या तालुक्याचे जावई झाले. दुसरं कारण जरा अवघड आहे. ते पुढे येईल.

सुभेदारांचं मूळ गाव कोकणातलं आंबडवे, मंडणगड तालुका, रत्नागिरी जिल्हा. वडील मालोजी, तेही फौजेतले. त्या काळात महार जातीच्या माणसाला गावात राहून पोटाला मिळायचं ते शिळंपाकं आणि वरून शिवी. इंग्रजांच्या पलटणीत मात्र अंगावर वर्दी मिळायची, पगार मिळायचा आणि मुख्य म्हणजे अक्षर मिळायचं. पलटणीत शिपायांच्या पोरांना शिकवायचा नियम होता, पोरींनासुद्धा. गावातल्या शाळेच्या ओट्यावर ज्यांना पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या घरातल्या बाया पोथी वाचत होत्या. हे आम्हाला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार नवल वाटलं. आमच्या आईला सही येत नव्हती.

रामजी हुशार निघाले. पुण्याला शिक्षकीचं शिक्षण घेतलं आणि पलटणीच्या शाळेत मास्तर झाले. चौदा वर्षं ते तिथे मुख्य मास्तर होते. त्यांच्या नावापुढे सुभेदार लागतं म्हणून लोकांना तलवार आणि घोडा दिसतो. पण या माणसाची खरी लढाई खडू-फळ्याची. बोलणं स्वच्छ, शिस्त कडक, मराठी उत्तम आणि इंग्रजीही चांगलं.

लग्न झालं तेव्हा मात्र पदरात काही नव्हतं. सासरची माणसं तालेवार, जावई साधा शिपाई. माहेरी मान राहीना म्हणून भीमाबाईने मनाशी धरलं की अंगावर दागिने घालण्याइतकं बरं होईल तेव्हाच माहेरचा उंबरा चढायचा. रामजी पुण्याला शिकत होते तेव्हा पैसे थोडे यायचे. चरित्रात लिहिलंय की त्या दिवसांत या माउलीने सांताक्रूझला रस्त्यावर खडी पसरायचं काम केलं. आमच्या नातवाने ते पान वाचून दाखवलं तेव्हा आम्ही त्याला पुन्हा वाचायला लावलं. पवईपासून सांताक्रूझ किती लांब? आपल्या दिंडीतल्या म्हाताऱ्या बायांनीही खडीच पसरली की. सुभेदार मेजराची लेक आणि आमच्या आज्या एकाच कामावरच्या.

पुढे रामजींना बढती मिळाली, दिवस पालटले. त्यांना चौदा लेकरं झाली, त्यातली जगली ती थोडी. बळीराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली मोठ्या झाल्या. नऊ-दहा वेळा पाळणा रिकामा झालेलं घर म्हणजे काय, हे ज्याच्या घरात एकदा झालंय त्यालाच कळेल.

महूच्या छावणीतली एक गोष्ट सांगतात. रामजींचे एक चुलते फार वर्षांपूर्वी संन्यास घेऊन निघून गेले होते. ते साधूंच्या जथ्याबरोबर महूवरून चालले असताना नदीवर धुणं धुणाऱ्या घरच्या एका बाईने त्यांना ओळखलं. रामजी धावत गेले, घरी चला म्हणून पाया पडले. संन्याशाने घरी यायला नकार दिला, पण तुझ्या कुळात नाव काढणारा जन्मेल असा आशीर्वाद दिला. गोष्ट खरी किती, श्रद्धेची किती, ते आम्ही तोलत नाही. आम्हाला त्यात दोन माणसं दिसतात. एक घर सोडून गेलेला आणि एक घर धरून बसलेला. आशीर्वाद द्यायला गेलेला आला, पण तो खरा करायला बसलेलाच लागला. महूलाच १४ एप्रिल १८९१ रोजी चौदावं लेकरू झालं, त्याचं नाव भीमराव. आपल्या पवईच्या तलावाचं बांधकाम पुरं झालं तेही १८९१ सालीच.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. काही दिवस दापोलीला राहिले, मग साताऱ्याला नोकरी धरली. याच काळात सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. ज्या दाराने आपण आत आलो ते दार मागच्यांसाठी बंद झालं, हे बघून पेन्शनीतला माणूस गप्प बसला असता तर कुणी बोल लावला नसता. पण रामजी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले, सरकारकडे करायच्या अर्जासाठी त्यांची मदत घेतली. उपयोग तेव्हा झाला नाही. तरी गेले.

घरात मात्र वेगळं वातावरण. सुभेदार कबीरपंथी होते. मांस नाही, दारू नाही, पलटणीत राहूनसुद्धा नाही. रोज संध्याकाळी सगळ्या मुलांनी हातपाय धुऊन प्रार्थनेला बसायचं, त्यात सवलत नाही. कबीराची भजनं व्हायची, मुक्तेश्वर व्हायचे, आपले तुकोबा व्हायचे. मुली सुरात म्हणायच्या. त्या वेळी घरावर एक शांतता उतरायची, असं बाबासाहेबांनी पुढे मोठेपणी आठवून सांगितलेलं आहे. मायबाप, हा आपलाच हरिपाठ. वेळ तीच, तुकोबा तेच. पखवाज असेल नसेल तेवढा फरक.

रामायण-महाभारत मुलांकडून वाचून घ्यायचे. धाकट्याने एकदा तोंडावरच विचारलं की हे आपण का वाचायचं, यात आपल्याला काय ठेवलंय. दुसऱ्या बापाने कानाखाली दिली असती. सुभेदारांनी समजावलं की आपण अस्पृश्य, त्यामुळे मनात आपण हलके आहोत असं घर करून बसेल. ते बसू नये म्हणून द्रोण वाच, कर्ण वाच, खालून वर कसे गेले बघ. वाल्मीकी तर कोळी होता. मुलाचं समाधान काही झालं नाही. मोठेपणी त्यांनी ते लिहून ठेवलं. बापाचं उत्तर मुलाला पटलं नाही, पण प्रश्न विचारायची मोकळीक त्या घरात होती हे आम्हाला मोठं वाटतं. आमच्या घरात ती नव्हती. आम्हीही आमच्या पोरांना फार दिली नाही.

१८९६ मध्ये साताऱ्याला भीमाबाई गेली. धाकटा पाच वर्षांचा. रामजींची बहीण मीराबाई पाठीने वाकलेली होती, तिने मुलांना पंखाखाली घेतलं. पुढे रामजींनी दुसरं लग्न केलं. ते धाकट्याला आवडलं नाही. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून त्याच्या मनात अशी तेढ आली की बापाच्या जिवावर जगायचंच नाही असं त्याने ठरवलं. मुंबईला पळून जाऊन गिरणीत लागायचं, आणि भाड्याला पैसे हवेत म्हणून आत्याची पिशवी मारायची. तीन रात्री टपून चौथ्या खेपेला हाती लागली तर आत अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने तो शरमला आणि अभ्यासाला लागला. काही चरित्रकार सुभेदारांची बाजू झाकून हा भाग पटकन उरकतात. आम्ही झाकत नाही. बाप प्रेमळ होता आणि पोराला दुखावलंही त्यानेच. संसारात हे दोन्ही एकाच घरात राहतं.

आता पाण्याची गोष्ट. ही आम्ही कीर्तनात सांगतो तेव्हा मंडप गप्प होतो.

साल १९०१. रामजींना साताऱ्याहून खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरी लागली होती. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदत होते, रामजी रोखपाल. उपाशी माणसांच्या हातावर मजुरीचे पैसे ठेवायचं काम. उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणून त्यांनी मुलांना बोलावून घेतलं. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. पहिल्यांदा आगगाडीत बसले आणि मसूरला उतरले. न्यायला कुणी आलं नाही. पत्र गेलं होतं, पण रामजींच्या चाकराने ते त्यांच्या हाती द्यायचंच विसरलं होतं. स्टेशन मास्तरने आधी चांगल्या घरची पोरं म्हणून गोड चौकशी केली. जात कळल्यावर पाच पावलं मागे सरकला. गाडीवान तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि त्यातही अट ही की गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूने चालणार. शिदोरी बरोबर होती पण पाणी नाही. पाण्यावाचून घास उतरेना. रात्री नाक्यावर पोचले. गाडीवानाने शिकवलं की मुसलमान आहोत असं सांगा. भीमरावाने उर्दूत पाणी मागून पाहिलं. नाकेवाल्याने डोंगरावर आहे, जाऊन घे म्हणून वाटेला लावलं. पोरं त्या रात्री उपाशी-तहानलेली निजली, आणि दुसऱ्या दिवशी बापाच्या दारात उभी राहिली तेव्हा बापाला काही पत्ताच नाही.

वारीत तांब्याभर पाणी पाजलं तर कोण पुण्य लागतं हे आपण दरवर्षी ऐकतो. वाटेवरची गावं ट्रॅक्टरवर टाक्या लावून उभी असतात. आणि त्याच मुलखात चार पोरांना घोटभर मिळालं नाही. आम्हाला त्यातही सुभेदार दिसतात. ज्याने पलटणीत इतकी वर्षं हुकूम दिले-घेतले, ज्याचा शब्द हिशेबात एक पैने चुकला नाही, त्याचं एक पत्र न मिळाल्यामुळे लेकरं रात्रभर तहानेली राहिली. तो दिवस त्या माणसाने कसा काढला असेल? चरित्रात ते नाही. असे दिवस चरित्रात येत नाहीत.

१९०४ मध्ये ते मुंबईत आले, परळला डबक चाळीत. एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच न्हाणी, वर फळीवर लाकडं, धूर भरलेला. आधी मराठा हायस्कूल आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूल. पैसा दोन मुलांना पुरेना. दोघांना अर्धं अर्धं शिकवायचं की एकाला पुरं? रामजींनी एकाला पुरं शिकवायचं ठरवलं. आनंदरावांनी शाळा सोडली आणि ते रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागले. आमच्या घरातही असंच झालं होतं. आम्ही चौथीला थांबलो तेव्हा धाकटा भाऊ पुढे गेला. म्हणून आम्हाला भीमरावाइतकाच आनंदराव जवळचा वाटतो. त्याच्या नावाने कुणी भाषण करत नाही.

त्या खोलीत एवढी माणसं, अभ्यास करायचा कुठे? रामजींनी युक्ती काढली. धाकट्याला संध्याकाळीच लवकर निजवायचं. उशाशी जातं, पायथ्याशी शेळी, मध्ये मुलगा. बाप जागा राहायचा. रात्री दोन वाजले की मुलाला उठवायचा, तो चिमणीच्या उजेडात अभ्यासाला बसायचा, आणि मग त्याने सोडलेल्या ऊबदार जागेवर बाप आडवा व्हायचा. दोघांना एकदम निजायला जागा नव्हती.

आपण काकड्याला चार वाजता उठतो आणि गावभर सांगतो. सुभेदार रोज रात्री दोनपर्यंत जागे राहिले, वर्षानुवर्षं, साठीच्या वयात. आम्ही सध्या त्याच वयाचे आहोत. लावणीच्या दिवसांत रात्री नऊला डोळा मिटतो, दोन वाजेपर्यंत जागणं म्हणजे काय ते अंगाला विचारावं.

इंग्रजीचं भाषांतर ते स्वतः घ्यायचे. तर्खडकरांची पुस्तकं पाठ करून घेतली. मुलाला वाचनाचं वेड, शाळेबाहेरची पुस्तकं मागायचा. पेन्शन तुटपुंजं. मुलाने पुस्तक मागितलं की सुभेदार उठून धाकट्या मुलीच्या घरी जायचे, चार रुपये उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही रोकड नसली तर ती अंगावरचा एखादा दागिना काढून द्यायची, जो लग्नात याच बापाने घातलेला. तो सावकाराकडे ठेवून पुस्तक यायचं. पहिली तारीख आली, पेन्शन हाती पडलं की आधी दागिना सोडवून लेकीला परत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणणारे बाप अजून आहेत. हा सुभेदार लेकीच्या दारात हात पसरून उभा राहिला, तोही दारू-पत्त्याला नव्हे, पुस्तकाला. आणि त्या दोघी बहिणी! मंजुळा आणि तुळसा. बाबासाहेबांच्या विद्वत्तेत त्यांच्या कानातल्या-गळ्यातल्याचा भाग आहे. मागे एकदा पवईला कीर्तनात आम्ही हे सांगितलं तर मागच्या रांगेतल्या एका आजीने उठून आपल्या सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. सासू-सुनेचं वर्षभर पटत नव्हतं म्हणे. ते आमचं नव्हे, सुभेदारांचं काम.

एल्फिन्स्टन हायस्कुलात मुलाला संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याला संस्कृत नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. रोज संध्याकाळी घरात तुकोबा, मुक्तेश्वर ऐकलेलं लेकरू ते. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. त्या काळात त्या समाजात हे एवढं अपूर्व की सभा भरवली. अध्यक्ष सीताराम केशव बोले, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र मुलाला भेट दिलं. पुढे कॉलेजचे पैसे झेपेनात तेव्हा याच केळुसकरांनी खटपट केली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना पंचवीस रुपयांची मदत मिळाली. मुलाचं लग्न रामजींनी भायखळ्याच्या बाजारात लावलं, रात्री बाजार उठल्यावर, उघड्या छपराखाली. सून रमाबाई. बिऱ्हाड पुढे परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत गेलं. खोली नंबर ५० आणि ५१. एकात संसार, दुसरी अभ्यासाला. डबक चाळीच्या मानाने ते वाडाच वाटले असेल.

आता ते अवघड कारण.

सुभेदारांच्या घरात आपल्या तुकोबांचे अभंग रोज म्हटले जात होते. पण सुभेदार पंढरपूरला गेले असते तर त्यांना राउळात पाऊल टाकता आलं नसतं. आपल्या चोखोबांची समाधीही पायरीशीच, बाहेर. साने गुरुजी उपोषणाला बसले आणि दार उघडलं ते १९४७ सालात. सुभेदारांना जाऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. आणि त्यांच्या मुलाने १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतली, लाखो माणसांनी त्याच्यामागे घेतली, तेव्हा आमच्या गावात काही जण म्हणाले की धर्म सोडला. आम्ही लहानपणी तेच ऐकत वाढलो. त्यांनी सोडला की आपण दाराबाहेर ठेवला, हे कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्याचं कशाला, आमचंच सांगतो. आम्ही सहा-सात वर्षांचे असू. आजोबांबरोबर वारीला गेलो होतो. आमच्या दिंडीमागे वीस-पंचवीस हात अंतर ठेवून एक म्हातारा एकतारी घेऊन चालायचा. गळा असा की आजोबा टाळ थांबवून ऐकायचे. मुक्कामाला तो वेगळी चूल मांडायचा. एका दुपारी त्याला तहान लागली, आजोबांनी आम्हाला पाणी द्यायला पाठवलं. आम्ही वरून ओंजळीत धार धरली. कुणी सांगितलं नव्हतं, बघून शिकलो होतो. थोडं पाणी त्याच्या कोपरावरून खाली धुळीत गेलं. तो ओंजळ तशीच धरून हसला आणि आम्हाला माउली म्हणाला. मसूरच्या रस्त्यावरची गोष्ट आम्ही वाचली तेव्हा साठी उलटली होती आमची, आणि आधी ती धार आठवली. मुरबाडने आपल्या या जावयाला त्या काळी पंगतीत पाटावर बसवलं असतं का? जावई म्हणायला आम्ही आज पुढे झालो, एवढं खरं.

आता शेवटचं. बी. ए. झाल्यावर भीमराव बडोद्याला नोकरीला निघाले. रामजींच्या मनात नव्हतं. तिथे जातीचा त्रास होईल हे त्यांना दिसत होतं. मुलाने ऐकलं नाही, महाराजांचे उपकार होते. जानेवारी १९१३ मध्ये गेले. पंधरा दिवस झाले नाहीत तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार. मुलगा मिळेल त्या गाडीने निघाला. सुरत स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा बापासाठी बर्फी घ्यायला उतरला, आणि गाडी सुटली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. परळच्या खोलीत पोचला तेव्हा माणसं भोवती बसलेली. रामजींचे डोळे दाराकडे. बोलता येत नव्हतं. मुलगा जवळ बसला तसा त्यांनी थकलेला हात त्याच्या पाठीवरून फिरवला, आणि तो हात तिथेच थांबला. तारीख २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला शिकायला गेला. तिथून पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आमचे वडील गेले तेव्हा आम्ही कीर्तनाला परगावी होतो, पोचलो तर सगळं आटोपलेलं. म्हणून ती बर्फी आमच्या मनातून जात नाही. बापाला गोड न्यायला उतरलेल्या मुलाची गाडी चुकते, यावर कीर्तनात आम्ही काही निरूपण करत नाही. सांगतो आणि वीणेकऱ्याकडे बघतो, तो गजर धरतो.

मागच्या साली आम्ही मुद्दाम परळला जाऊन ती चाळ बघून आलो. खाली उभं राहून वर बघितलं. माणसं राहतात, कपडे वाळत होते, कुणाचं तरी पोर जिन्यात पुस्तक घेऊन बसलं होतं. नमस्कार केला आणि परत फिरलो.

आपल्या दिंडीत संध्याकाळच्या हरिपाठानंतर गेलेल्या वारकऱ्यांची नावं घ्यायची चाल आहे. त्यात २ फेब्रुवारीला रामजी सुभेदारांचं आणि भीमाबाईचं नाव घ्यावं असं आम्ही दिंडीच्या बैठकीत मांडलं. कुणी थेट विरोध केला नाही. पण एका तरुणाने रास्त प्रश्न काढला. बाबासाहेबांच्या वाटेने गेलेल्या घरांना हे आवडेल का? आपण दार बंद ठेवायचं आणि शंभर वर्षांनी त्यांचं माणूस आपल्या यादीत ओढायचं, असं तर होत नाही ना? आम्हाला उत्तर देता आलं नाही. तेव्हा ठरलं असं की आधी त्यांना विचारायचं. पवईत तलावाच्या अंगाला त्यांची वस्ती आहे, विहार आहे. येत्या एकादशीला फराळ झाल्यावर वीणेकरी, तो तरुण आणि आम्ही असे तिघे जाणार आहोत.